तेवीसचा खण

तेवीस नंबरचा खण रिकामा हुता. आप्पासाहेब सरांनी त्याच्यावर पेनानं टकटक केलं, अन् तेच पेन हातातल्या यादीत रेश्माच्या नावावर आणून टेकवलं.

"दिवाळीपासून एक दिवस न्हाई आली तू. परवा प्रॅक्टिकलची परीक्षा. हजेरी न्हाई त्याला बसता यायचं न्हाई. नियम हाय."

कोल्हारची रेश्मा खाली मान घालून उभी. पाय अनवाणी. लॅबचा शिपाई चांदभाई दाराला टेकून हुता, तो पुढं झाला.

"साहेब, पोरगी रोज येती. कुलूप मी काढतो. सगळ्यात आदी हीच आत शिरती."

"मग चप्पल कुठंय?"

पद्धतच तशी पडली हुती. कॉम्प्युटरला धूळ चालत न्हाई, म्हणून चपला भाईर काढायच्या. भाईर लाकडी रॅक, एकेका खणावर एकेकाचा रोल नंबर. शिकवणाऱ्या मॅडम दिवाळीत सोडून गेल्या, दुसऱ्या काय आल्या न्हाईत. तवापास्नं बीसीएच्या शेवटच्या वर्षाची लॅब सरांच्या गळ्यात. सरांच्या पायात नाडीचे बूट. बूट काढायचे म्हंजे वाकायचं, अन् वाकायचं म्हंजे पोट मधी येतं. मग सर व्हरांड्यातच उभं ऱ्हायचे अन् खण बघायचे. भरला तो हजर, रिकामा तो गैरहजर.

"मानूस खोटं बोलंल, चप्पल न्हाई बोलत," म्हनायचे.

चप्पल कशाला बोलंल? पोरांनी आठ दिवसात घरनं जुन्यापान्या चपला आणून खणात कोंबल्या, त्या कायमच्या. रॅक गच्च, अन् आत पंख्याखाली चार टाळकी. चांदभाई चौथीतनं शाळा सोडलेला गडी, पण एवढं त्याला कळत हुतं. बोलला मात्र न्हाई. पोरांच्या तोंडी कोन लागणार? रेश्माचा खण तेवढा रिकामा दिसायचा. त्याला वाटलं, नवस असंल काय तरी, अनवाणी येत असंल. परक्याच्या लेकीला काय इचारायचं.

"अगं बोल की," सर खेकसले. "मौनव्रत धरलंय का?"

रेश्माची नजर हळूच शेजारच्या खणाकडं गेली अन् झटकन माघारी आली. चांदभाईनं ते बघितलं.

चोवीस. रेश्माच्या वर्गातल्या सुमैराचा खण. आत एक जोड. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला.

चांदभाई थबकला. हा टाका त्याचाच हुता. कॉलेज उघडलं त्याच दिवशी रेश्माच्या चपलेचा अंगठा तुटला हुता, अन् ह्या हातानं त्यानं तो शिवून दिल्ता.

त्यानं जोड काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"घाल बरं बेटा, पायात."

चप्पल बरोब्बर बसली.

"ही तर चोवीसची हाय," सर म्हनाले.

"खण चोवीसचा, साहेब. चप्पल हिची. टाका माझा हाय, वळखत न्हाई व्हय मी?"

सरांच्या कपाळाला आठ्या. "मंग दुसरीच्या खणात कशाला ठेवती? आपली हजेरी बुडवून?"

आता रेश्मानं मान वर केली.

"सुमैराच्या अब्बांचा पाय मोडलाय, सर. शिर्डीला फुलांच्या दुकानावर तीच बसती. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मी फोनवर सांगते, आज लॅबमधी काय काय केलं ते. ती वहीत उतरून घेती. तिचं वर्ष गेलं तर घरचे पुन्हा न्हाई पाठवायचे." तिनं पायातल्या चपलेकडं बघितलं. "माझ्याकडं जोड एकच हाय. अन् मी तर आतच असते की, सर. मला चप्पल कशाला लागती?"

सरांनी यादीकडं बघितलं. पेन यादीवर टेकवलेलं, ते तसंच. मग त्यांनी ते खिशाला लावलं.

रेश्मानं चप्पल पायातनं काढली अन् परत चोवीसमधी ठेवली.

चांदभाईनं आपलं स्टूल सरांपुढं सरकवलं. "साहेब, एक डाव आत येऊन बघा. कोन हाय अन् कोन न्हाई."

सर बसले. वाकले. धाप लागली. नाडीची गाठ सुटता सुटंना. चांदभाई मदतीला वाकला, तर म्हनाले, "ऱ्हाऊ दे, मी काढतो."

बूट हातात घेऊन उठले. रॅकवर नजर फिरवली. बूट ठेवायला सगळ्या रॅकमधी एकच जागा हुती.

त्यांनी ते तेवीसच्या खणात ठेवले.