पहिल्याचा कोट

धरणगावच्या घरात रविवारी दुपारी भाड्याचा व्हिडिओ लागला होता. सिनेमातला गुप्तहेर तोच, नट मात्र नवा. "ह्याला पहिल्याची सर नाही," नवरा म्हणाला. "पहिला तो पहिलाच शे, भाऊ!" नणंदेनं री ओढली. मांडीवरच्या लेकराला थोपटत त्याची बायको ऐकत होती. नवऱ्याची पहिली बायको वारल्यावर ती या घरात आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे सवतीच्या नावाचा, प्रतिमा ठसवलेला चांदीचा टाक तिच्या गळ्यात बांधला गेला होता. कॉलेजात असताना जळगावच्या थेटरात तिनं दोघेही नट पाहिले होते. पहिला नुसता मिरवायचा. जीव ओतायचा तो हाच. "पहिल्याचाच कोट, पहिल्याचंच पिस्तूल. बिचाऱ्याकडे कुणी नीट बघितलंय तरी का?" ती बोलून गेली. नवऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. त्याची नजर तिच्या गळ्यातल्या टाकावर खिळली, त्याचे डोळे भरून आले. तिनं चटकन लेकरू उचलून छातीशी धरलं. टाक लेकराआड गेला.