एक लाख एक पाने

गणितातले सत्य दुःखी माणसाला आधार देते, असे आमचे वेणीमाधव मास्तर वर्गात नेहमी सांगत. सन १९३१ मध्ये मंगळवार पेठेतल्या रुद्रप्पा व्यापाऱ्याने तोच आधार मागायला त्यांना घरी बोलावले. आतल्या खोलीत त्याची बायको दाक्षायणी मुदतीच्या तापाने पडली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

घाबरून रुद्रप्पाने नवस बोलून टाकला होता: सोलापूरच्या अडुसष्ट लिंगांना मिळून बेलाची एक लाख एक पाने वाहीन, प्रत्येकाला सारखी. सकाळपासून तो भागाकार करत होता आणि दर वेळी एकेचाळीस पाने उरत होती.

“अडुसष्टाने भाग जाणारच नाही,” मास्तर म्हणाले. “अकराने जातो.”

“लिंगं अकरा न्हाईत की, मास्तर. लाखावरचं एक पान सोडू का?”

“सोडलात तरी चाळीस उरतात. त्यापेक्षा सत्तावीस पाने जास्त वाहा.”

“देवाला दिलेला शब्द हाय, दुकानातलं माप न्हाय. बेलाच्या एका पानाला तीन दळं असतात. ती सुटी मोजली तर?”

मास्तरांनी पाटीवर मांडून पाहिले. “पंचावन्न उरतात.”

रुद्रप्पाने पाटी पुन्हा मास्तरांपुढे सरकवली. “परत एकदा भागा की, मास्तर. तिचा जीव हाय त्यात.”

सिद्ध झालेले गणित मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा पुसून पुन्हा मांडायला घेतले.


“अवो,” आतून दाक्षायणीचा बारीक आवाज आला, “चैत्र हाय. समदा बेल झडलाय, पान कुटं हाय?”