करंगळी

पारूबाईंनी रोप फोफावावं म्हणून ढोबळी मिरचीची पहिली कळी नखाने अलगद खुडली, तोच हातात चढवलेला, परीक्षा घेणारा यंत्र-हातमोजा करकचून आवळला आणि लाल झाला.

“मावशी, करंगळी वर नव्हती. नापास झालात तर भाजी लावायचा परवाना जाईल,” प्रशिक्षक म्हणाला.

“अरे बाबा, या मोज्यांना खुडणी शिकवली ती माझ्याच हातांनी! तेव्हा करंगळीला विळा लागला होता, म्हणून वर धरली होती. आता बरी झालीय.”

“ते मोज्याला कोण सांगणार?”

शेजारच्या वाफ्यांत तीस पोरी धडधाकट करंगळ्या वर धरून कळ्या खुडत होत्या.

पुढच्या रोपाशी पारूबाईंनीही करंगळी वर धरली. मोजा हिरवा झाला.

“बघा, शिकलात की!” प्रशिक्षक म्हणाला.