पानावरचा दगड

नदीकाठची पायवाट जिथे दोन वाटांत फुटते, तिथे म्हातारी फतकल मारून बसली आणि काही केल्या हलेना.

"खूण नाही," ती म्हणाली. "म्हणजे आमचे हे अजून इथवर पोचलेच नाहीत. मी थांबते. तुम्ही व्हा पुढे, भाऊ."

भाऊ! पंचेचाळीस वर्षं संसार केला आणि पदरात काय पडलं, तर भाऊ. ती सगळं विसरायला लागायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं, तर दोघंही पोट धरधरून हसली असती.

दर पानगळीत चार दिवस ही दरी पायी चालायची, हा त्यांचा नेम. चालायची म्हणजे तो पुढे, ती मागे. तो पोस्टमन, जन्मभर टपाल वाटलेल्या पायांना कुणासाठी थांबणं ठाऊकच नव्हतं. वाट फुटली की बरोबर वाटेवर एक पिवळं पान ठेवायचं, वर चपटा दगड, आणि पुढे सुटायचं. ती मागून सावकाश यायची, दगड बाजूला करून पान पिशवीत टाकायची. या खेपेला मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं, चारही दिवस तिच्या शेजारून चालायचं. सकाळपासून चाललाही होता.

"ऊठ गं. मीच तो," त्याने पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"काहीतरीच काय! ते असे रेंगाळत नाहीत."

"बरं, बसा तुम्ही. मी वळणापलीकडे बघून येतो."

वळणाआड जाऊन त्याने न किडलेलं एक पान शोधलं. गुडघे धरत खाली वाकला, पानावर दगड ठेवला आणि परत आला.

"आहे. जरा पुढे ठेवलीय खूण."

म्हातारी लगबगीनं उठली. वळणावर पोचून तिने दगड बाजूला केला, पान झटकलं. तिचा चेहरा उजळला होता.

"बघा, म्हटलं नव्हतं? खूण ठेवायला कधी चुकायचे नाहीत." पान पिशवीत सरकवताना तिचा आवाज खाली आला. "तेवढं एकदा थांबले असते तर."

ती झपाझप चालू लागली. तिची पाठ फिरल्यावर त्याने तो चपटा दगड उचलून खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत वाट अजून तीनदा फुटणार होती.