संपाच्या सकाळी पाणी

"सही झाली. आता माघार नाही, प्रल्हाददादा," असं म्हणत युनियनच्या धनेशनं यादीची घडी खिशात घातली आणि सायकलवर टांग टाकली.

प्रल्हाद अंगणात तसाच उभा राहिला. नगरपरिषदेच्या पाणीखात्यात तो सव्वीस वर्षं चावीवाला होता. पहाटे साडेपाचला आपल्या उमेळे गावातल्या पाइपलाइनच्या खड्ड्याशी जायचं, लांब लोखंडी चावी व्हॉल्ववर बसवायची, बावीस आटे फिरवायचे, की गावाच्या नळांना पाणी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पेन्शनची हमी सरकारनं घ्यावी म्हणून उद्यापासून तीन दिवसांचा संप होता. आणि जो संपावर जाईल त्याचा सेवाखंड करू, असा कागद इंजिनियरसाहेबांनी फळ्यावर लावला होता. सेवाखंड म्हणजे मागची सगळी वर्षं पाण्यात. पेन्शनसाठी संप करावा तर पेन्शनच जाणार, न करावा तर उद्या मेल्यावर खांदा द्यायला खात्यातलं कुणी येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि माणूस पाणीखात्याचा.

"मानूस गेल्यावर बायकोला अर्धी मिलते ना?" कृष्णाबाईनं ओटीवरून विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"मिलते."

"आन सेवाखंड झाला तर?"

"मंग मलाच नाय, तं तुला कुठली?"

ती परत तांदळातले खडे वेचू लागली. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि खाडीकडचं शेत भावकीनं केव्हाच गिळलं होतं. प्रल्हादला तिची दया आली. पण सही झाली होती.

त्याला खरी काळजी होती श्रीपतची. श्रीपत शेजारच्या गिरीज गावचा चावीवाला. उमेळ्याच्या व्हॉल्वची दुसरी चावी त्याच्याकडे. टाकी भरणारे लोक दुसऱ्या खात्याचे, त्यांचा संप नव्हता, म्हणजे चावी फिरली की पाणी येणारच. आणि परवा हा श्रीपत साहेबांच्या केबिनमध्ये चांगला अर्धा तास बसला होता. बाहेर आला तो कुणाकडे न बघता.

श्रीपतचा त्याला भरवसा असा कधी नव्हताच. गेल्या वर्षी प्रल्हाद टायफॉइडनं आठ दिवस अंथरुणात होता, तेव्हाही उमेळ्याचं पाणी एक दिवस चुकलं नाही. श्रीपतनंच सांभाळलं असणार. पण त्यानं ते कधी तोंडातून काढलं नाही. उपकार करून गप्प बसणारा माणूस काही तरी राखून असतो, असं प्रल्हादचं मत होतं.

"तोच फितूर होनार," तो जेवताना म्हणाला. "मी सकाली गिरीजलाच जातो. त्याच्या दारात बसतो. बघू कसा निघतो."

"जावा की," कृष्णाबाई म्हणाली. "च्या पिऊन जावा."

"चावी माच्याखाली ठेवलीय. हात लावायचा नाय कुनी."

"कोन लावतंय?"

पहाटे पाचला प्रल्हाद सायकलवर निघाला. श्रीपतच्या केळीच्या वाडीसमोर बांधावर ठाण मांडून बसला. साडेपाच वाजले, सहा वाजले, श्रीपतचं दार काही उघडेना. अखेर बनियनवर, मिश्री घासत श्रीपत बाहेर आला आणि त्याला बघून थबकला.

"माज्यावर पहारा?"

"तू साहेबाकडं काय करत व्हतास?"

"साहेब म्हनला, उमेल्याची चावी फिरव. मी म्हनलं, हात मोडलाय." श्रीपत थुंकला. "मला तं तुजाच संशय व्हता. रातभर डोल्याला डोला नाय लागला."

दोघंही हसले. मग आत चहा झाला. इतकी वर्षं या माणसाबद्दल वाईट धरलं याची प्रल्हादला मनापासून लाज वाटली.

"टायफॉइडच्या वेलेला सांभाललंस, ते राहूनच गेलं बोलायचं," तो म्हणाला.

"कसलं?" श्रीपतनं विचारलं.

मोठ्या मनाचा माणूस, प्रल्हादला वाटलं.

साडेसातला तो हलक्या मनानं उमेळ्यात शिरला. नाक्यावरच्या नळाशी बायकांचे हंडे भरून बाजूला लागले होते. नळ अजून वाहत होता. पलीकडे धनेश आणि युनियनची चार माणसं उभी होती.

"यादीत पहिलं नाव तुमचं लिहिलं होतं, दादा," धनेश म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"मी नाय. मी गिरीजला व्हतो. श्रीपतला विचार."

"पहाटे पहाटे श्रीपतकडे कशाला गेला होतात? तेही विचारतो."

तेवढ्यात ऑफिसचा शिपाई आला. पाणी वेळेवर आलं म्हणजे माणूस कामावर, असं म्हणून साहेबांनी प्रल्हादची हजेरी लावली होती. सगळ्या पाणीखात्यात एकट्याची. तो ते मोठ्यानं सांगून गेला. धनेशनं खिशातली यादी काढली, एका नावावर रेघ मारली आणि पाठ फिरवली. प्रल्हादनं दोनदा हाक मारली. कुणी वळलं नाही.

घरी येऊन तो मटकन ओटीवर बसला.

"श्रीपतनं मला च्या पाजत बसवलं आन दुसऱ्याला धाडलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सव्वीस वर्सांची इज्जत गेली. ज्यानं चावी फिरवली त्याला मी सोडनार नाय."

कृष्णाबाईनं डाव्या हातानं भाकरी वाढली. तांब्याही डाव्याच हातानं ठेवला.

"संप अजून किती दिस हाय?"

"दोन."

"मंग उद्या हाताला फडका बांधून जाते," कृष्णाबाई म्हणाली. "आज फोड आला."