रस्ता सांगणारी

रजतनं हात पुढं केला. कलीमनं तो घेतला नाही. मान ताठ, नजर लांब रोडवर.

रहमतले आतून बरं वाटलं. असंच पाहिजे. ज्या मोटारीच्या कंपनीनं पोराले रॅलीच्या शर्यतीत नेलं आन मधातच सोडून दिलं, तिच्या माणसाशी हात कायले मिळवायचा?

वणीहून मुकुटबनले जाणाऱ्या रोडवर रहमतचं गॅरेज. तिथं आज कंपनीची रॅलीची गाडी न्यायले ट्रेलर आला होता. मागच्या रॅलीत कलीम दुसरा आला, तवा कंपनीनंच कौतुकानं गाडी गावात मिरवायले धाडली होती. अर्ध्या वणीनं तिच्यासंग फोटो काढले. मग बोभाटा झाला. कंपनीच्या गाड्या तपासणीच्या मशीनवर चढल्या का आतला कंप्युटर धूर दाबून धरे, आन रस्त्यावर उतरल्या का काळा धूर ओके. चोरी उघडी पडली तशी कंपनीनं पहिलं काम काय केलं, तर रॅली बंद.

"काका, वरच्यांचा निर्णय आहे," रजत म्हणाला. तो टीमचा मॅनेजर, पुण्याचा. माणूस वाईट नव्हता. "नाव इतकं खराब झालंय, की शर्यतीत गाडी उतरवायला तोंड राहिलं नाही."

"धूर सोडला तुमच्या साहेबानं, आन घरी बसला माहा पोरगा?"

रजतनं खाली पाहिलं. "तपासणीवाल्यांना आतल्याच कुणीतरी सांगितलं, काका. टीममधलंच. कोण ते कळलं नाही."

"मले कळू द्या फक्त. याच पान्यानं थोबाड खोलतो त्याचं."

जिया चहा घेऊन आली. रहमतची पोरगी, कलीमची लहानी बहीण, आन रॅलीत त्याच्या बाजूले बसून रस्ता सांगणारी. रॅलीत तसंच असते. बाजूचा पुढचं वळण ओरडून सांगते, ड्रायव्हर ऐकते आन गाडी घालते. जियाची ती सवय घरीबी सुटली नव्हती.

"डावीकडं टायर, मग मोकळं," ती बोलली, आन कप कलीमच्या हातात दिला.

ट्रेलरवाला हसला. "घरीबी रॅलीच चालू हाय का बाई?"

"सवय हाय," जिया म्हणाली.

मोहल्ल्यातले पोट्टे तर बाजारात मागून ओरडत, "जियाबाजी, उजवीकडं भजे!"

गाडी चढवायची वेळ आली तसा कलीम उठला. दिव्यापासून मागच्या बंपरपर्यंत हात फिरवत गेला, हळूहळू, सारा पत्रा चाचपत. रहमतनं तोंड फिरवलं. शहनाज गेली तवा पोरानं मायच्या जनाज्याले असाच हात लावलता.

ट्रेलर गेला. धुरळा बसला.

"अब्बा," कलीम म्हणाला, "कोइमतूरचा एक टीमवाला बोलावून राह्यला. पुढच्या महिन्यात डोंगरातली रॅली हाय. हो म्हणू?"

"इचारतं काय? म्हण!" रहमतच्या जिवात जीव आला. ईदपासून पोरगा मोटारसायकलले हात लावत नव्हता. कंपनीचा नियम हाय म्हणे. आता त्या नियमाची कटकटबी गेली.

"जिया येईन ना?" कलीमनं इचारलं.

जियानं रिकामे कप उचलले. "मी येत नाही, भाई. आन तूबी जाऊ नको."

"काहून?" रहमत खेकसला. "त्याचं नशीब उघडून राह्यलं आन तू कडी लावतं?"

"अब्बा, तपासणीवाल्यांले सांगणारी मीच."

रहमतच्या हातात पाना होता. तो वर गेला, आन तिथंच थांबला.

"तू? धुरासाठी भावाच्या पोटावर पाय दिला?"

"धुरासाठी नाही."

"मग कायले?"

जियानं भावाकडं पाहिलं. कलीमचं तोंड पांढरंफट्ट झालतं.

"जिया," तो म्हणाला, "अम्मीच्या कबरीवर हात ठेवून कसम खाल्ली तू."

"खाल्ली. म्हणून तोंडानं सांगत नाही." तिनं खिळ्यावरची गॅरेजच्या जीपची चावी काढली, भावाच्या हातात दाबली. "अब्बा, तुम्ही त्याच्या बाजूले बसा. भाई जीप रोडवर काढते. मी एक शब्द बोलत नाही. मग तुम्हीच ठरवा, त्याले डोंगरात धाडायचं का नाही."

"ही काय अट झाली? माहा पोरगा झोपेत गाडी चालवते!" रहमत रागारागानं जीपमधी बसला. "काढ रे!"

कलीमनं लय वेळ चावी फिरवली नाही. मग जिद्दीनं फिरवली. इंजिन लागलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. रोडवर कोळशाचा एक ट्रकबी नव्हता.

जिया जीपले वळसा घालून आली आन बोनेटपुढं उभी राह्यली. हातभर अंतरावर, मधोमध, हात खाली सोडून. रहमतले वाटलं, पोरगी आता वाट अडवायचं नाटक करून राह्यली.

कलीमनं गिअर टाकला. पाय क्लचवर, मान सरळ, तिच्याच दिशेनं.

"अब्बा," तो हळूच म्हणाला, "जिया कुठं गेली? समोर मोकळं हाय ना?"