दुसरं घड्याळ

"काका, तुमच्या नातेवाइकांना तर बक्षीसच द्यायला हवं," चाचण्यांच्या वहीचं पान उलटत वकीलबाई म्हणाल्या. "घंटा वाजली की सात सेकंदांत बंद! कधी कधी तर सहा. आमच्या घरी इतक्या चपळाईने कुणी दारसुद्धा उघडत नाही."

घड्याळजी स्वयंपाकघरातून नुसतेच हसले. चहा उकळत होता आणि साखरेचा डबा काही केल्या सापडत नव्हता. सापडणार कुठून? स्वतः ते बिनसाखरेचा प्यायचे, आणि सकाळी पावणेनऊला या घरात माणूस येण्याची वेळ कित्येक महिन्यांत आली नव्हती. नुसती धांदल उडाली होती बिचाऱ्यांची. कप दोनदा विसळून झाले होते.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर पहिलं घड्याळ टकटक करत होतं. वकीलबाई पेटंटचे अर्ज करून देत, आणि घड्याळजींचा अर्ज या घड्याळाचा होता. खरं तर जोडीचा. पहिलं घड्याळ एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी लावायचं. त्याने रोज सकाळी नऊच्या आत खालचं पितळी बटण दाबायचं, म्हणजे आपण ठीक आहोत. नाही दाबलं, तर दुसऱ्या घरी, त्याच्या आप्ताच्या भिंतीवर, दुसऱ्या घड्याळाची घंटा वाजणार; ती बंद करून आप्ताने विचारपूस करायला धावायचं. मध्ये तार नाही की काही नाही. चाळीस वर्षं कारखान्यात घड्याळं जुळवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तीन वर्षं एकाच टेबलाशी बसून हे केलं होतं, आणि त्यात एका सेकंदाची चूक नव्हती.

"कार्यालयाचं म्हणणं एवढंच आहे," आत ऐकू जावं म्हणून वकीलबाईंनी आवाज चढवला, "की दोन वेगळ्या घरांत हे चाललं, त्याचा पुरावा द्या. चाचण्या चाळीस झाल्यात, उत्तम. आता फक्त दुसऱ्या घराचा पत्ता आणि तिथल्या माणसाची सही. मग तुमचा अर्ज मार्गी लागलाच म्हणून समजा."

"सही ना? देतील की ते. जरा फिरतीवर असतात, एवढंच."

"फिरतीवर असतात आणि सात सेकंदांत घंटा बंद करतात?"

घड्याळजींनी ट्रे उचलला आणि ते बाहेर आले. तेवढ्यात आतल्या खोलीत घंटा खणखणली.

हातापायांना सवय असते. ट्रे स्टुलावर टेकवला आणि "आलो, आलो!" करत ते आत धावले. घंटा थांबली. पाठोपाठ त्यांचाच आवाज बाहेर आला, "बरे आहेत हो, बरे आहेत. चहा करत होते, विसरले बटण दाबायचं."

मग त्यांच्या लक्षात आलं की मधलं दार उघडंच आहे.

ते बाहेर आले तेव्हा वकीलबाईंनी वही मिटली होती.

"दुसरं घड्याळ आत आहे, काका?"

"आहे."

"पहिल्यापासून?"

"मग कुठे लावू?" घड्याळजी एकदम उखडले. "शेजाऱ्यांना विचारलं, त्यांना सकाळी सकाळी कटकट नको. भाचा म्हणतो, फोन आहे की मामा. फोन आहे! अहो, तो करायलाही कुणीतरी लागतं ना! यंत्र चोख आहे माझं. भिंतीआड असो नाहीतर दहा कोसांवर, त्याला काय कळतंय? तुम्ही असं करा, अर्जात 'दुसऱ्या घरी' खोडा आणि 'दुसऱ्या खोलीत' लिहा. एका शब्दाचा तर प्रश्न."

"तसं लिहिलं तर यात शोध काय राहिला, काका?"

बाई हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घड्याळजी मान खाली घालून कपातली साय चमच्याने काढत बसले.

चहा संपवून बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी दुसरं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. "आजच आमच्याकडे लावते. आई दिवसभर घरीच असते. सही ती करेल. येत्या शुक्रवारी ठरवून एकदा वाजवू, तेवढं पुरे. पण काका, त्याआधी उगाच वाजवायचं नाही हं! आई घाबरून जाईल आणि आहे त्या कपड्यांनिशी गाडी करून इथे येऊन थडकेल."

"छे, छे! उगाच कशाला वाजवीन?" घड्याळजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच ते घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले. साखरेचा डबा आता हाताशी होता. कप दोन मांडले होते. कशाला, ते कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

नऊला दोन मिनिटं असताना त्यांनी अंगठा बटणावर ठेवला. ती आई कशी असेल? घंटा ऐकून आधी चष्मा शोधेल की चपला? जिना असेल तर उतरायला वेळ लागेल. येऊन ओरडेल बहुतेक. ओरडू दे की!

एक मिनिट राहिलं. मग अर्धं. सेकंदाचा काटा वर चढत होता आणि अंगठा तसाच होता. दहा सेकंद. पाच.

उभ्या जन्मात त्यांनी कुठल्याही घड्याळाशी लबाडी केली नव्हती. बटण दाबलं गेलं.

आतल्या खोलीत नुसता खिळा होता. कुठेच काही वाजलं नाही. माणूस बरा असला की कुणी यायचं नाही, अशीच तर त्यांनी ती जोडी बनवली होती.